लोकार्पणाची बोट

"ती तांबडी बोट कुणाची वो?" झाडावरून हरबानं ओरडून विचारलं.

मी तोंडापुढचा भोंगा खाली घेतला आणि मागं बघितलं. घाटावर मांडव घातला होता. मांडवात ट्रॉलीवर बोट उभी होती. नवी कोरी, नारिंगी, मागं काळं इंजिन. तिला झेंडूची माळ घातलेली, आणि मांडवाच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, बरोबर बोटीच्या तोंडापुढं, लाल फीत ताणून बांधलेली.

"आपलीच हाय," मी भोंग्यातून सांगितलं. "सरकारची."

"मग आणा की!"

काठावर जमलेली माणसं हसली. हरबाही हसला असावा. बाभळीच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात तो बसला होता आणि खालून नदी त्याचे पाय चाटत चालली होती.

त्या दिवशी पाऊस नव्हता. लख्ख ऊन होतं. पूर म्हटलं की लोकांना काळं आभाळ आठवतं. आमच्याकडं तसं नसतं. पाऊस तिकडं डोंगरात पडून गेलेला असतो, धरणाचे दरवाजे तिकडं उघडतात, आणि इकडं उन्हात वाळवण घातलेलं असताना नदी मुकाट्यानं अंगणात येते. पाणी वाढणार हे खोचरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा खोचऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी हरबाला सकाळी नदीत धाडला. त्यांच्या उसाला पाणी देणारी मोटार खाली नदीच्या पोटात बसवलेली होती, ती काढून आणायला. मोटार निघाली. हरबा ती ओढत माघारी वळला तोवर त्याच्या पाठीमागच्या सखल रानात पाणी शिरलं होतं. मग तो बाभळीवर चढला. पण चढायच्या आधी मोटारीचा दोर त्यानं बुंध्याला बांधला. जीव जायची वेळ आली तरी मालकाची मोटार बांधणारी जात आमची.

आणि मी कोण? आपत्ती व्यवस्थापन सहायक. कंत्राटी. नोकरीचा पहिला आठवडा. बारावीला दोनदा आपटलेलो, पण नदीतनं मढी काढायला पोलीस मलाच बोलवायचे, त्यामुळं कचेरीत नाव माहीत होतं. मुलाखतीला नायब तहसीलदार बिडकर साहेब होते. त्यांनी विचारलं, "पोहता येतं?"

"येतंय की."

"मग आता पोहायचं नाही. आता व्यवस्थापन करायचं."

मला वाटलं, साहेबांनी गंमत केली. नारिंगी जाकीट, शिट्टी आणि भोंगा घेऊन मी घरी गेलो तेव्हा आईनं मला ओवाळलं होतं.

तर आता बिडकर साहेब माझ्या शेजारी उभे होते. छत्री उन्हासाठी धरलेली.

"ऐवळे, त्याला बोलतं ठेवा," ते म्हणाले. "माणूस बोलत असला की पकड सोडत नाही. प्रशिक्षणात शिकवलंय आम्हाला."

"साहेब, बोट हाय की इथंच."

"बोट आहे. पण लोकार्पण झालेलं नाही."

इंजिनात तेल नाही, असं सांगावं तशा सुरात सांगितलं त्यांनी.

दोर आम्ही आधीच फेकून बघितला होता. निम्म्यात पडायचा आणि धार तो खाली ओढून न्यायची. मग साहेबांचं लक्ष नाही बघून मी दोर कमरेला बांधला, वरच्या अंगाला पळत गेलो आणि पाण्यात शिरलो. म्हटलं, तिरकं पोहत धारेबरोबर झाडापर्यंत जाऊ. पण ते पाणी आमच्या ओळखीचं नव्हतं. दहा हात मारले नसतील, त्यानं मला उचललं आणि घाटाच्या दगडावर आणून आपटलं. गावच्या पोरांनी ओढून काढलं. गुडघा फुटला होता. मी वर आल्यावर साहेबांनी विचारलं, "जाकीट फाटलं नाही ना?"

म्हणजे बोटीशिवाय दुसरा इलाज नव्हता. हे मला कळलं, बिडकरांना कळलं, काठावर शेंगा खात बसलेल्या पोरांना कळलं. हरबाला तर आधीच कळलं होतं.

"भाऊ, पवू नगंस!" तो ओरडला. "लगीन झालंय का तुजं?"

"न्हाई, मामा."

"मग तर अजाबात नगंस! बोट येऊ दे!"

त्याची बायको कासाबाई माझ्या मागं उभी होती. कडेला एक गाठोडं, त्यात भाकरी. सकाळी रानात नवऱ्याला भाकरी द्यायला म्हणून आली ती इथंच थांबली होती. रडत नव्हती. फक्त दर थोड्या वेळानं विचारायची, "भाऊ, कवा वो?"

"आता साहेब आले की."

"कंचं साहेब?"

"आमदार साहेब. त्येंच्या हातनं बोट चालू व्हायचीय."

"मग येत्यात न्हवं?"

"येत्यात."

तिचं समाधान झालं. ती खरोखर खाली बसली. आमदार येतात म्हटल्यावर तिला वाटलं, तिच्या नवऱ्यासाठीच येतात.

मी भोंगा उचलला. "मामा, कसं हाय?"

"बरं हाय! वर एक जनावर बी येऊन बसलंय!"

"साप?"

"व्हय! लांबडं हाय!"

"काय करतंय?"

"काय करायचंय! त्ये बी भ्यालंय, मी बी भ्यालोय! दोघं गुमान बसलोय!"

माणसं पुन्हा हसली. मीही हसलो. तेवढ्यात अण्णा खोचरे पुढं आले. पांढरे कपडे, कानात अत्तराचा बोळा. कार्यक्रमाचे यजमान तेच होते, मांडव त्यांनीच घातला होता. त्यांनी माझ्या हातातनं भोंगा काढून घेतला.

"हरबा!"

झाडावरचा माणूस एकदम ताठ बसला. "जी अण्णा!"

"गाठ नीट मारलीयास न्हवं?"

"जी!"

"मोटार हलतीया रं, मला दिसतंय! दोर आणिक एकदा फिरवून घे!"

आणि हरबा खाली वाकला. एका हातानं फांदी धरून, दुसरा हात पाण्यात घालून तो दोर चाचपायला लागला. फांदी कडकन वाजली. काठावरच्या बायकांनी तोंडावर पदर धरले.

"राहू दे मामा! वर व्हा!" मी भोंग्याशिवाय ओरडलो.

अण्णांनी माझ्याकडं वळून बघितलं. रागानं नाही. कुत्रं मधेच भुंकलं तर बघतात तसं.

मी मांडवात गेलो. तिथं बंटी मोरबाळे खुर्च्या मांडून घेत होता. आमदारांचा माणूस. तालुक्यात कुठली फीत कुणी कापायची, हे तोच ठरवायचा. बोटीची चावी त्याच्या खिशात होती. कंपनीनं बोट चालवायला माणूस पाठवला होता, तो बिचारा चावीवाचून इंजिनाशेजारी उकिडवा बसला होता.

"बंटीभाऊ, चावी द्या," मी म्हणालो. "जाऊन येतो. माणूस आणतो. परत धुऊनपुसून हितंच उभी करतो. साहेबांना कळणार बी न्हाई."

"आणि माळ?"

"माळ परत घालू की."

बंटी हसला. "आरं, फीत न कापता बोट पाण्यात घालायची म्हणजे काय रं? साहेबांच्या निधीतली बोट हाय. तू म्हणजे हळदीच्या आधीच नवरी पळवाय लागलास."

"माणूस मरंल वो."

"मरत न्हाई. बाभळ हाय ती, शेवगा न्हाई. साहेब जेवायला बसल्यात, उठले की आलेच. मग तू म्हणशील तितकी माणसं आणू."

बिडकर साहेब माझ्या मागोमाग आले होते. मी त्यांच्याकडं वळलो. "साहेब, तुमी आदेश द्या. तुमचा अधिकार हाय. तुमीच शिकवलं मला."

बिडकरांनी छत्री मिटली. पुन्हा उघडली. "ऐवळे, मागच्या गावी मी एकदा अशीच घाई केली. दोन जिल्हे पलीकडं फेकलं मला. मुलगी दहावीला आहे. तुम्ही त्याला बोलतं ठेवा. तेवढं करा. प्लीज."

वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला बरं झालं असतं.

मी मांडवाच्या खांबाशी गेलो. नारळ फोडायला कोयता ठेवलेला होता. तो उचलला आणि फितीवर घातला. फीत तुटून दोन्हीकडं पडली. कंपनीच्या माणसाला म्हटलं, "चल, धर ट्रॉली." तो उठलासुद्धा. ट्रॉलीचं चाक एक फेरा फिरलं असेल.

पहिली कानफडात अण्णांनी मारली. "तुझ्या बापाचा मांडव हाय का रं?" मग बंटीची पोरं आली. कोयता कुणीतरी हिसकावला. मी खाली पडलो तेव्हा फुटक्या गुडघ्यावर कुणीतरी पाय ठेवला. त्यांना माहीत होतं गुडघा फुटलाय ते. सगळ्यांनी बघितलं होतं मघाशी. लाथा बसत होत्या आणि बंटी सांगत होता, "तोंडावर नगं, तोंडावर नगं. पत्रकार यायचेत."

आणि तिकडून, पाण्यावरून, आवाज आला.

"त्येला मारू नगा वो! पोरगं हाय! मला काय घाई न्हाई! मी बसतो!"

ते थांबले. हरबाचं ऐकून नाही. बंटीच्या फोनवर निरोप आला होता, साहेब निघाले.

बिडकरांनी माझं जाकीट काढून घेतलं. स्वतःच्या हातानं चेन उघडली. "आज तुम्ही ड्यूटीवर नाही," ते हळूच म्हणाले, "तुमच्या भल्यासाठी सांगतो." मग ते वाकले, फितीची दोन टोकं उचलली आणि गाठ मारली. गाठ मध्यावर आली, वाईट दिसायला लागली. म्हणून त्यांनी माळेतलं एक झेंडूचं फूल तोडून त्या गाठीत खोचलं.

आमदार साहेब आले. गाड्या आल्या, धूळ आली, पत्रकार आले. नदीला पूर आलेला असताना रस्त्यावर धूळ होती, हे मला अजून आठवतं. साहेब गोरेपान, घामेजलेले. त्यांनी झाडाकडं बघितलं आणि विचारलं, "ते काय?"

बंटी तयारच होता. "साहेब, शुभशकुनच म्हणा! बोटीची पहिली मोहीम समोर उभी हाय. तुमी फीत कापायची, बोट पाण्यात, माणूस काठावर. सगळं एकाच फोटोत."

"कधीपासून आहे तो?"

"आत्ताच अडकला, साहेब."

कासाबाई हे ऐकत होती. ती गर्दीतनं वाट काढत पुढं सरकत होती. तिला साहेबांच्या पायावर डोकं ठेवायचं होतं.

फोटोग्राफर म्हणाला, "झाडावरचा ओळखू येत नाय. माणूस आहे की माकड, कळत नाय. जरा हलायला सांगा."

बंटीनं भोंगा घेतला. "ए हरबा! साहेब आलेत बघ! हात कर! हात वर कर!"

हरबानं एक हात वर केला. दुसरा फांदीला होता. काठावर टाळ्या पडल्या.

"अजून! जोरात हलव!"

त्यानं हलवला. फोटोग्राफर खाली बसला, त्याला एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला झाड पाहिजे होतं. "साहेब, तिकडं बघा," तो म्हणाला. साहेब नदीकडं तोंड करून उभे राहिले. आणि आयुष्यभराच्या सवयीनं, समोर गर्दी असो नाही तर नदी, त्यांनी दोन्ही हात छातीशी जोडले. हसले. झाडावरच्या माणसाला त्यांनी नमस्कार केला.

आमच्याकडं एका हातानं नमस्कार करत नाहीत. बरोबरीच्यालासुद्धा नाही. एक हात उचलून रामराम घालायचा तो पाटलानं गड्याला. आणि इथं तर आमदार, स्वतः आधी हात जोडून उभा. हरबाच्या उभ्या जन्मात असं कुणी त्याच्यापुढं हात जोडले नव्हते.

त्यानं फांदी सोडली.

दोन्ही हात जोडले आणि वाकला. पुरता वाकला, देवापुढं वाकावं तसा.

फोटो निघाला. मग नुसती फांदी हलत राहिली.

आवाज असा आलाच नाही. पाण्यात एकदा डोकं दिसलं, मग धोतराचा पांढरा सोगा, मग काही नाही. गर्दीतल्या निम्म्यांना कळलंच नाही, कारण निम्मी गर्दी साहेबांकडं बघत होती. मी ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही. बंटीच्या दोन पोरांनी माझे दंड धरले होते, एकानं तोंडावर हात ठेवला.

साहेबांनी बघितलं होतं. त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले, हसू तेवढं गेलं. मान न हलवता त्यांनी बिडकरांना विचारलं, "आता?"

बिडकरांच्या हातात तबक होतं, तबकात कात्री. "साहेब," ते म्हणाले, "फीत."

साहेबांनी फीत कापली. झेंडूचं फूल बिडकरांच्या बुटावर पडलं. बंटीनं चावी दिली. पोरांनी ट्रॉली उताराला लावली आणि बोट पाण्यात गेली. आणि फटाकेवाल्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं, की बोट पाण्याला टेकली रे टेकली की लांब माळ लावायची. त्यानं लावली. सांगितलेलं काम त्यानं केलं, त्याचा काय दोष? धूर, कानठळ्या, पोरांच्या शिट्ट्या. त्या धुरातनं बोट अशी सुसाट गेली, की खरं सांगतो, बघत राहावं. काय इंजिन होतं! झाडाजवळून वळसा घालून ती खाली बंधाऱ्याकडं निघून गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की लोकार्पणानंतर क्षणाचाही विलंब न लावता नवीन बोट शोधमोहिमेवर रवाना झाली. एकही शब्द खोटा नव्हता.

अण्णा खोचरे डोळ्यांवर आडवा हात धरून बाभळीकडं बघत होते. "मोटार हाय," ते शेजारच्याला म्हणाले. "गाठ पक्की मारली होती बेट्यानं."

कासाबाईनं यातलं काहीच बघितलं नव्हतं.

ती साहेबांच्या पायावर होती. तिनं नेमकं त्याच वेळी मागून येऊन जमिनीवर डोकं टेकलं होतं. पोरांनी तिला दंडाला धरून उठवलं, मांडवाच्या मागं नेलं, कुणीतरी तिच्या हातात पेढा ठेवला. फटाके वाजत होते. ती मांडवाला वळसा घालून पुढं आली तेव्हा धूर विरत होता. तिनं बाभळीकडं बघितलं. बाभळ रिकामी होती. तिनं बोटीकडं बघितलं. बोट लांब, वळणावर, उन्हात चमकत होती.

तिनं दोन्ही हातांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

बिडकर साहेब माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. पोरांनी माझे दंड सोडले. साहेबांनी माझं जाकीट पुढं केलं.

"ऐवळे," ते म्हणाले, "घाला."

"कशाला?"

"तिला सांगायला हवं."

"तुमी सांगा. तुमी साहेब हाय."

"ती तुमच्यातली आहे. तुमच्या तोंडून ऐकलेलं तिला..." त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. मग एकदम कचेरीतला आवाज काढून म्हणाले, "हे बघा, तुमचं आजचं वागणं मी वर कळवणार नाही. नोकरी राहील तुमची. शब्द देतो. पण हे काम करा."

जाकीट मी घातलं. का घातलं, त्याबद्दल लोकांना काय सांगायचं ते सांगून झालंय. वीस वर्षं घालतोय. जिल्ह्याच्या कक्षात आज माझ्या हाताखाली माणसं आहेत. पुलावरून वाहून गेलेल्या एसटीचं मी सांगितलंय, दरडीखालच्या वस्तीचं सांगितलंय, शाळेच्या सहलीचं सांगितलंय. मला पोहायला कुणी ठेवलेलं नाही. ह्या कामाला ठेवलंय.

मी लंगडत तिच्याकडं गेलो. ती घाटाच्या पायरीवर, पाण्याच्या अगदी जवळ बसली होती. गाठोडं सोडलं होतं. भाकरीवर मिरचीचा ठेचा, कांदा, आणि शेजारी साहेबांच्या माणसांनी दिलेला पेढा. तो तिनं खाल्ला नव्हता, भाकरीच्या कडेला ठेवला होता. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"लई मारलं न्हवं रं तुला?" ती म्हणाली. "आमच्यापायी."

मी जाकिटाची चेन वर ओढली.

"बोट कुटवर गेली वो? एवढी लांब कशाला नेली? माणसाला उगं फिरवत्यात." ती हसली. "पण साहेब देवमाणूस बघ. जेवणावरनं उठून आलं."

मी तिच्यासमोर खालच्या ओल्या पायरीवर बसलो. तिच्या आणि नदीच्या मधे.

"आता कशाला बसतोस?" मला बाजूला सारायला हात पुढं करत ती म्हणाली. "सर की जरा. माझं माणूस येतंय."